शपथ, बहिष्कार आणि संसद : आयर्लंडच्या 'डॉल एरन' या कनिष्ठ सभागृहाची जडणघडण (१९१९-१९३७)

प्रस्तावना

विसाव्या शतकात साम्राज्यांच्या विघटनातून जी नवी राष्ट्रे उदयास आली, त्यांपैकी बहुतेकांनी संसदीय लोकशाहीचा स्वीकार केला. परंतु संसद स्थापन होणे आणि संसद टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसदेची खरी कसोटी पहिल्या निवडणुकीत लागत नाही. पराभूत झालेला पक्ष सभागृहात येऊन बसतो काय आणि सत्ताधारी पक्ष पराभवानंतर सत्ता सोडतो काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ती लागते. या दृष्टीने आयर्लंडसारख्या छोट्या देशाच्या संसदेचे कनिष्ठ सभागृह, म्हणजे 'डॉल एरन', हे अभ्यासाचे महत्त्वाचे उदाहरण ठरते.

या सभागृहाचा जन्मच मुळी बहिष्कारातून झाला. ब्रिटिश संसदेत बसण्यास नकार देणाऱ्या प्रतिनिधींनी १९१९ मध्ये डब्लिन येथे ते स्थापन केले. पुढे अवघ्या तीन वर्षांत याच सभागृहात फूट पडली, तिचे पर्यवसान यादवी युद्धात झाले आणि पराभूत गटाने खुद्द या सभागृहावरच बहिष्कार टाकला. असे असूनही १९३२ मध्ये यादवी युद्धातील पराभूतांच्या हाती जेत्यांनी शांततेने सत्ता सोपविली. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात युरोपातील अनेक नव्या राष्ट्रांच्या संसदा कोसळल्या. आयर्लंडची संसद मात्र टिकली. ती कशामुळे टिकली, याचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) डॉल एरनच्या स्थापनेची पार्श्वभूमी व तिचे स्वरूप समजून घेणे.
२) राजनिष्ठेच्या शपथेच्या प्रश्नाचा सभागृहाच्या वैधतेवर झालेला परिणाम तपासणे.
३) प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या निवडणूक पद्धतीने सभागृहाच्या स्थैर्यास कितपत हातभार लावला, याचे विश्लेषण करणे.

हा अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला असून त्याची मुख्य कालमर्यादा १९१९ ते १९३७ अशी आहे. विषयाच्या पूर्णतेसाठी नंतरच्या काळातील काही घटनांचा संक्षिप्त निर्देश केला आहे.

पहिली डॉल : बहिष्कारातून संसद

१८०१ पासून आयर्लंडचे प्रतिनिधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर येथील संसदेत बसत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयरिश संसदीय पक्षाने याच संसदेत राहून 'होमरूल'ची, म्हणजे स्वराज्याची मागणी लावून धरली. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा त्या नावामागे आयरिश चळवळीचीच प्रेरणा होती. मात्र ज्या महिन्यात बेळगावात होमरूल लीग जन्मास आली, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा सशस्त्र उठाव झाला. ब्रिटिशांनी उठावाच्या नेत्यांना गोळ्या घालून ठार केल्यानंतर आयरिश लोकमत होमरूलच्या मागणीपासून झपाट्याने दूर गेले व प्रजासत्ताकाच्या कल्पनेकडे वळले.

डिसेंबर १९१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या बदलाचे प्रत्यंतर आले. त्याच वर्षीच्या कायद्याने सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील ठरावीक पात्रतेच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. त्यामुळे आयर्लंडमधील मतदारांची संख्या सुमारे ७ लाखांवरून १९ लाखांच्या घरात पोहोचली होती. एकूण १०५ जागांपैकी सिन फेन पक्षाने ७३ जागा जिंकल्या, तर जुन्या आयरिश संसदीय पक्षाला केवळ ६ जागा मिळाल्या. सिन फेनचे निवडून आलेले प्रतिनिधी वेस्टमिन्स्टरला जाणार नाहीत, हे निवडणुकीपूर्वीच जाहीर झालेले होते. म्हणजेच मतदारांनी ब्रिटिश संसदेवरील बहिष्कारालाच कौल दिला होता.

२१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पहिल्या डॉलची बैठक भरली. सर्व निर्वाचित आयरिश सदस्यांना निमंत्रण होते; परंतु ब्रिटनशी संलग्नता इच्छिणारे युनियनिस्ट आणि जुन्या पक्षाचे सदस्य आले नाहीत. हजेरी घेताना एकामागून एक नावे पुकारली गेली आणि त्यांतील अनेक नावांपुढे 'परकीयांच्या बंदिवासात' अशा अर्थाचे आयरिश शब्द नोंदविण्यात आले. प्रत्यक्ष उपस्थित सदस्य अवघे २७ होते. दोन तासांच्या आसपास चाललेल्या या बैठकीचे कामकाज मुख्यत्वे आयरिश भाषेत झाले. तीत स्वातंत्र्याची घोषणा, जगातील स्वतंत्र राष्ट्रांना उद्देशून संदेश आणि 'लोकशाही कार्यक्रम' असे दस्तऐवज संमत झाले. सामाजिक न्यायाचा पुरस्कार करणाऱ्या या कार्यक्रमाचा मूळ मसुदा मजूर पक्षाचे नेते थॉमस जॉन्सन यांनी तयार केला होता. मजूर पक्षाने १९१८ ची निवडणूक लढविली नव्हती, त्यामुळे ते स्वतः सभागृहाचे सदस्य नव्हते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

याच दिवशी टिपेररी परगण्यातील सोलोहेडबेग येथे आयरिश स्वयंसेवकांनी केलेल्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले. या हल्ल्याला डॉलची अनुमती नव्हती. संसद आणि बंदूक यांच्यातील हा ताण सभागृहाच्या पहिल्याच दिवसापासून अस्तित्वात होता आणि पुढील चौदा वर्षांच्या इतिहासाचे तेच मुख्य सूत्र ठरले.

एप्रिल १९१९ मध्ये तुरुंगातून निसटलेले ईमन डी व्हॅलेरा यांची डॉलच्या प्रमुखपदी निवड झाली. मायकेल कॉलिन्स यांच्याकडे अर्थखाते, तर कॉन्स्टन्स मार्कीविच यांच्याकडे कामगार खाते आले. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत, परंतु पक्षाच्या धोरणानुसार त्यांनी तेथील आसन स्वीकारले नाही. ऑगस्ट १९१९ मध्ये डॉलने असा ठराव केला, की सदस्यांनी व स्वयंसेवकांनी प्रजासत्ताकाशी आणि डॉलशी निष्ठेची शपथ घ्यावी. सशस्त्र दलांना लोकप्रतिनिधींच्या सभागृहाच्या नियंत्रणाखाली आणण्याचा हा प्रयत्न होता; पण त्यातून शपथ हा आयरिश राजकारणातील अत्यंत संवेदनशील विषय बनला. सप्टेंबर १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने डॉल बेकायदेशीर ठरविली. त्यानंतरही सभागृहाने गुप्तपणे काम चालू ठेवले. राष्ट्रीय कर्ज उभारले गेले, स्वतःची न्यायालये स्थापन झाली आणि अनेक स्थानिक संस्थांनी ब्रिटिश प्रशासनाऐवजी डॉलची सत्ता मान्य केली. इमारत, खजिना वा पोलीस यांपैकी काहीही हाती नसताना केवळ मतदारांच्या संमतीच्या बळावर एक सभागृह राज्यकारभार चालवू पाहत होते.

तह आणि शपथ : सभागृहातील फूट

जुलै १९२१ मध्ये युद्धविराम झाला आणि ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये अँग्लो-आयरिश तहावर स्वाक्षऱ्या झाल्या. या तहाने आयर्लंडच्या २६ परगण्यांना कॅनडाच्या धर्तीवर साम्राज्यांतर्गत स्वराज्याचा दर्जा मिळाला व त्या राज्याचे नाव 'आयरिश फ्री स्टेट' असे ठरले. ईशान्येकडील सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड त्यापूर्वीच वेगळे झाले होते.

आज असा समज होणे स्वाभाविक आहे, की तहावरील वाद प्रामुख्याने फाळणीवरून झाला असावा. वस्तुतः डॉलमधील चर्चेचा फार मोठा भाग व्यापला तो शपथेच्या प्रश्नाने. तहानुसार प्रत्येक सदस्याने फ्री स्टेटच्या संविधानाशी निष्ठा आणि ब्रिटिश राजाशी इमान राखण्याची शपथ घेणे आवश्यक होते. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी प्रजासत्ताकाची शपथ घेतली होती, त्यांना आता राजाचे नाव असलेली शपथ घ्यावयाची होती. तहाच्या समर्थकांचे, विशेषतः कॉलिन्स यांचे, म्हणणे असे होते की तहाने अंतिम स्वातंत्र्य मिळत नसले तरी ते मिळविण्याचे सामर्थ्य मिळते. विरोधकांच्या मते प्रजासत्ताकाची घोषणा एकदा झाल्यावर ते मोडीत काढण्याचा अधिकार बहुमतालाही नव्हता.

ही चर्चा १४ डिसेंबर १९२१ पासून नाताळची सुट्टी वगळता ७ जानेवारी १९२२ पर्यंत चालली. अखेर ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह संमत झाला. सभागृहातील सहाही महिला सदस्यांनी तहाच्या विरोधात मत दिले. डी व्हॅलेरा यांनी राजीनामा दिला आणि आर्थर ग्रिफिथ प्रमुखपदी आले. सात मतांच्या फरकाने झालेला हा निर्णय प्रक्रियेच्या दृष्टीने निर्विवाद होता. परंतु पराभूत गटाला तो नैतिकदृष्ट्या बंधनकारक वाटला नाही. बहुमताचा निर्णय आणि त्याची स्वीकृती यांतील हे अंतर पुढे रणांगणावर नेले गेले.

१६ जून १९२२ च्या निवडणुकीत तहसमर्थकांना १२८ पैकी ५८, तर तहविरोधकांना ३६ जागा मिळाल्या. दोन्ही गटांनी संयुक्त यादीचा करार करून खरी लढत टाळण्याचा प्रयत्न केला होता. तरीही मतदारांनी वेगळा मार्ग शोधला. मजूर पक्षाच्या १८ उमेदवारांपैकी १७ निवडून आले आणि शेतकरी पक्ष व अपक्षांनाही जागा मिळाल्या. सामान्य मतदाराला तहाच्या वादापेक्षा शांतता व उपजीविका यांची चिंता अधिक होती, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत, २८ जून १९२२ रोजी, यादवी युद्धास तोंड फुटले. ऑगस्टमध्ये दहा दिवसांच्या अंतराने ग्रिफिथ यांचे निधन झाले आणि कॉलिन्स चकमकीत मारले गेले. ९ सप्टेंबर रोजी तिसरी डॉल लेन्स्टर हाउस या अठराव्या शतकातील सरदारी वाड्यात भरली व डब्ल्यू. टी. कॉस्ग्रेव्ह यांच्याकडे नेतृत्व आले. तहविरोधक सभागृहात आलेच नाहीत. विरोधी पक्षाची भूमिका थॉमस जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्षाने निभावली. ७ डिसेंबर १९२२ रोजी शॉन हेल्स या सदस्याची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने कोणताही खटला न चालविता चार तहविरोधी कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी रोरी ओ'कॉनर हे मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स यांच्या विवाहात, अवघ्या चौदा महिन्यांपूर्वी, वराचे पाठराखे होते. या कृत्याचा मजूर पक्षाने सभागृहात कठोर शब्दांत निषेध केला. रक्तपाताच्या त्या काळातही सरकारला जाब विचारणारे एक व्यासपीठ उघडे राहिले, हे मजूर पक्षाचे ऐतिहासिक कार्य होय.

निवडणूक पद्धती आणि सभागृहाची रचना

मे १९२३ मध्ये यादवी युद्ध थांबले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या निवडणुकीत सभागृहाची सदस्यसंख्या १५३ होती आणि २१ वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना मताधिकार होता. कॉस्ग्रेव्ह यांच्या 'कुमन ना गेल' पक्षाला ६३ जागा मिळाल्या. ज्यांचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते आणि ज्यांचे नेते डी व्हॅलेरा यांना प्रचारसभेतच अटक झाली होती, त्या तहविरोधकांनाही ४४ जागा मिळाल्या. युद्धात हरलेल्या पक्षाला मतपेटीतून एवढे प्रतिनिधित्व मिळावे, यामागे निवडणूक पद्धतीचा मोठा वाटा होता.

डॉलची निवडणूक एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने होते. प्रत्येक मतदारसंघातून तीन किंवा अधिक सदस्य निवडले जातात. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो. एकूण वैध मतांना जागांच्या संख्येपेक्षा एकने अधिक असलेल्या संख्येने भागून, आलेल्या पूर्णांकात एक मिळविला की विजयासाठी आवश्यक मतांचा कोटा निघतो. उदाहरणार्थ, पाच जागांच्या मतदारसंघात ६०,००० वैध मते पडली असतील तर कोटा १०,००१ होतो. विजयी उमेदवाराची कोट्यापेक्षा अधिक असलेली मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होऊन त्याचीही मते याच रीतीने संक्रमित होतात. परिणामी मत सहसा वाया जात नाही आणि अल्पसंख्य मताला त्याच्या बळाच्या प्रमाणात स्थान मिळते.

ही पद्धती ब्रिटिशांनीच १९२० च्या कायद्याने आयर्लंडला लागू केली होती आणि युनियनिस्ट अल्पसंख्याकांना संरक्षण मिळावे हा तिचा एक हेतू होता. इतिहासाचा विरोधाभास असा, की फ्री स्टेटमध्ये या पद्धतीचा फार मोठा लाभ युद्धात पराभूत झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांना झाला. साध्या बहुमताच्या पद्धतीत जेत्यांच्या पदरात अवाजवी बहुमत पडले असते आणि पराभूतांना संसदीय मार्ग निरुपयोगी वाटला असता. सत्तेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला आहे, पण दारात शपथ उभी आहे, अशी स्थिती या पद्धतीने निर्माण केली.

१९२७ : 'रिकामा उपचार'

बहिष्काराच्या धोरणाची मर्यादा डी व्हॅलेरा यांना लवकरच उमगली. सभागृहाबाहेर राहणारा पक्ष ना कायदे रोखू शकत होता, ना आपल्या मतदारांची गाऱ्हाणी मांडू शकत होता. मार्च १९२६ मध्ये त्यांनी सिन फेनच्या अधिवेशनात अशी भूमिका मांडली, की शपथ काढून टाकली गेल्यास सभागृहात प्रवेश करावा की नाही हा तत्त्वाचा नव्हे, तर धोरणाचा प्रश्न मानावा. ती अमान्य झाल्यावर त्यांनी मे १९२६ मध्ये 'फिआना फॉल' हा नवा पक्ष स्थापन केला.

मराठी वाचकाला या वादात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. असहकाराच्या चळवळीनंतर १९२२-२३ मध्ये काँग्रेसमध्ये फेरवादी आणि नाफेरवादी असे दोन तट पडले होते, तेही कायदेमंडळात प्रवेश करावा की बहिष्कार कायम ठेवावा याच प्रश्नावर. न. चिं. केळकर व बॅ. मु. रा. जयकर यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसहकार पक्षाने तर पुढे अधिकारपदे स्वीकारण्यापर्यंत मजल मारली. दोन्ही देशांतील परिस्थिती भिन्न होती. भारतातील कायदेमंडळे परकीय सत्तेची होती, तर डॉल ही स्वकीयांची होती. तथापि तत्त्वनिष्ठा आणि परिणामकारकता यांतील पेच एकाच जातीचा होता.

जून १९२७ च्या निवडणुकीत कुमन ना गेलला ४७ व फिआना फॉलला ४४ जागा मिळाल्या. २३ जून रोजी फिआना फॉलचे सदस्य लेन्स्टर हाउसमध्ये गेले. पण शपथेस नकार दिल्यामुळे त्यांना सभागृहात प्रवेश मिळाला नाही. १० जुलै रोजी मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स चर्चला जात असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. या हत्येने हादरलेल्या सरकारने कठोर कायदे आणले. त्यांतील एका विधेयकानुसार प्रत्येक उमेदवाराने निवडून आल्यास शपथ घेण्याची हमी नामनिर्देशनाच्या वेळीच देणे आवश्यक होणार होते. म्हणजेच बहिष्काराचे राजकारण कायद्यानेच अशक्य होणार होते. सभागृहात प्रवेश किंवा संसदीय राजकारणातून कायमची हकालपट्टी, एवढेच दोन पर्याय उरले.

११ ऑगस्ट १९२७ रोजी डी व्हॅलेरा यांनी निर्णय घेतला. शपथेच्या नोंदवहीपाशी गेल्यावर त्यांनी तेथील बायबल बाजूला सारले, शपथेचा मजकूर कागदांनी झाकला आणि आपण कोणतीही शपथ घेत नसून प्रवेशासाठी केवळ नाव लिहीत आहोत, असे अधिकाऱ्याला सांगून स्वाक्षरी केली. त्यांच्या पक्षाने शपथेला 'रिकामा उपचार' म्हटले. विरोधकांनी यावर उपहासाची झोड उठविली. ज्या शपथेसाठी भावाने भावावर बंदूक रोखली ती केवळ उपचार होती, तर पाच वर्षांपूर्वीचे मृत्यू कशासाठी, हा प्रश्न रास्तच होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर डी व्हॅलेरा यांच्याजवळ नव्हते. तथापि संसदीय इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्या स्वाक्षरीने राज्यातील सर्वांत मोठा असंतुष्ट समूह सभागृहाच्या चौकटीत आला.

त्याचा परिणाम पाचच दिवसांत दिसला. १६ ऑगस्ट रोजी थॉमस जॉन्सन यांनी मांडलेल्या अविश्वास ठरावावर ७१ विरुद्ध ७१ अशी समसमान मते पडली. नॅशनल लीग पक्षाचे जॉन जिंक्स हे सदस्य मतदानाच्या वेळी गैरहजर राहिले. सभापती मायकेल हेस यांनी निर्णायक मत सरकारच्या बाजूने दिले आणि सरकार वाचले. पाच वर्षांपूर्वी जो प्रश्न तोफांनी सोडविला जात होता, तो आता एका सदस्याच्या अनुपस्थितीने आणि सभापतींच्या एका मताने सुटला. सप्टेंबर १९२७ मधील फेरनिवडणुकीत कुमन ना गेलने ६२ आणि फिआना फॉलने ५७ जागा मिळविल्या. छोटे पक्ष मागे पडून सभागृहात दोन प्रबळ पक्षांची स्पर्धा स्थिरावली.

१९३२ : सत्तांतराची कसोटी

१६ फेब्रुवारी १९३२ च्या निवडणुकीत फिआना फॉलला ७२ आणि कुमन ना गेलला ५७ जागा मिळाल्या. बहुमतासाठी फिआना फॉलला मजूर पक्षाच्या सात सदस्यांचा आधार पुरेसा होता. प्रश्न एवढाच होता, की यादवी युद्ध जिंकलेले सरकार सत्ता सोडणार काय? सैन्य व पोलीस दल या दोहोंची उभारणी त्या सरकारनेच केली होती. ९ मार्च रोजी नवी डॉल भरली तेव्हा वातावरणात मोठा ताण होता. फिआना फॉलच्या काही सदस्यांनी खिशात पिस्तुले बाळगली होती, अशी आठवण पुढे सांगितली गेली. प्रत्यक्षात काहीच घडले नाही. डी व्हॅलेरा यांची ८१ विरुद्ध ६८ मतांनी निवड झाली आणि कॉस्ग्रेव्ह विरोधी बाकांवर जाऊन बसले. नव्या नेत्याला ब्रिटिश राजाच्या प्रतिनिधीच्या निवासस्थानी जावे लागू नये म्हणून गव्हर्नर जनरल जेम्स मॅक्नील स्वतः लेन्स्टर हाउसमध्ये आले व त्यांनी तेथेच नियुक्तीचा उपचार पूर्ण केला. कधीकाळी भारतीय सनदी सेवेत अधिकारी राहिलेल्या मॅक्नील यांची ही कृती लहान असली, तरी तिने एक कटू प्रसंग टळला.

१९३२ च्या सत्तांतराचे श्रेय इतिहासलेखनात अनेकदा डी व्हॅलेरा यांच्या विजयाच्या तेजात झाकोळले जाते. वास्तविक या घटनेचे अर्धे श्रेय पराभव स्वीकारणाऱ्या कॉस्ग्रेव्ह यांना द्यावे लागते. ज्यांना आपण बंडखोर मानले, तुरुंगात टाकले, त्यांच्याच हाती सैन्य आणि पोलीस सोपविणे हा निर्णय सोपा नव्हता. बहुमताचा निर्णय मानला पाहिजे, हे जे तत्त्व त्यांच्या पक्षाने १९२२ मध्ये विरोधकांना बळाने ऐकविले होते, ते दहा वर्षांनी त्याने स्वतःवर लागू करून दाखविले.

डी व्हॅलेरा यांनी सत्तेवर येताच शपथ रद्द करण्याचे विधेयक मांडले. वरिष्ठ सभागृहाने ते अडवून धरले. परंतु जानेवारी १९३३ च्या निवडणुकीत ७७ जागा मिळाल्यानंतर त्याच वर्षी शपथ कायद्याने संपुष्टात आली. हे वरिष्ठ सभागृह १९३६ मध्ये रद्द झाले आणि नव्या संविधानाने मर्यादित अधिकारांसह पुन्हा निर्माण केले. १ जुलै १९३७ रोजी जनमताने संमत झालेले व २९ डिसेंबर १९३७ पासून अमलात आलेले हे संविधान डॉलला राज्यव्यवस्थेच्या केंद्रस्थानी ठेवते. पंतप्रधानाची, म्हणजे 'टीशॉक'ची, नियुक्ती डॉलच्या नामनिर्देशनावरून होते आणि मंत्रिमंडळ केवळ डॉललाच जबाबदार असते. एकल संक्रमणीय मताची पद्धतीही या संविधानात समाविष्ट झाली. त्यामुळे ती बदलण्यासाठी जनमत अनिवार्य ठरले. १९५९ व १९६८ मध्ये फिआना फॉल सरकारांनी ती बदलण्याचे दोन प्रयत्न केले. दोन्ही वेळा जनतेने नकार दिला. ज्या पद्धतीने पराभूतांना वाट दिली, ती पद्धती तेच पराभूत सत्ताधीश झाल्यावर मोडू पाहत होते आणि मतदारांनी ती राखली.

भारतीय संदर्भ

भारतीय संविधानातील राज्य धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांचे मूळ आयरिश संविधानात आहे, हे सर्वज्ञात आहे. राष्ट्रपतींची व राज्यसभेच्या राज्यांतील जागांची निवडणूकही एकल संक्रमणीय मतानेच होते. लोकसभेसाठी मात्र ही पद्धती स्वीकारली गेली नाही. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत तशी सूचना आली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि स्थिर शासनाची गरज या कारणांसाठी तिला विरोध केला. अल्पसंख्य समूहांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न भारताने राखीव जागांच्या मार्गाने हाताळला. एकाच प्रश्नाची दोन देशांनी शोधलेली ही दोन उत्तरे तौलनिक अभ्यासास पात्र आहेत. अलीकडच्या काळात, ज्यांचे पितृकुल सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याच्या वराड गावचे आहे, ते लिओ वराडकर याच सभागृहाच्या नामनिर्देशनावरून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात त्यांनी ते पद दुसऱ्यांदा भूषविले.

निष्कर्ष

१) डॉल एरनची प्रारंभीची वैधता कोणत्याही कायद्यातून आली नव्हती, ती १९१८ च्या मतदारांच्या कौलातून आली होती. मात्र केवळ कौलावर आधारलेली वैधता १९२२ च्या फुटीत अपुरी पडली. सभागृहाचा निर्णय पराभूतांनी मान्य करेपर्यंत ती पूर्ण झाली नाही.

२) शपथेचा प्रश्न वरकरणी शब्दांचा असला, तरी सभागृहाचे दार कोणासाठी उघडे आहे हा त्याचा खरा आशय होता. शपथेने १९२२ ते १९२७ या काळात लक्षावधी मतदारांना प्रतिनिधित्वापासून वंचित ठेवले. १९२७ ची तडजोड तर्कदृष्ट्या कमकुवत होती, पण राजकीयदृष्ट्या तारक ठरली.

३) प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने पराभूतांना संसदीय मार्गात हितसंबंध निर्माण करून दिला. एकट्या निवडणूक पद्धतीने शांतता आली असे म्हणता येणार नाही, परंतु तिच्यावाचून बहिष्कार सोडण्याचे प्रलोभन फारच क्षीण राहिले असते.

४) १९३२ चे सत्तांतर हा सभागृहाच्या जडणघडणीचा निर्णायक टप्पा होय. त्यात जिंकणाऱ्यांइतकाच हरणाऱ्यांचा वाटा होता.

५) बहिष्काराची परंपरा पूर्णतः संपण्यास मात्र दीर्घ काळ लागला. उरलेल्या सिन फेन पक्षाने डॉलवरील बहिष्कार १९८६ मध्ये मागे घेतला. त्या पक्षाला २०२० च्या निवडणुकीत ३७ जागा मिळाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये फिआना फॉल आणि कुमन ना गेलचा वारसा सांगणारा फिने गेल, हे यादवी युद्धातील परस्परविरोधी गटांचे वारस, ग्रीन पक्षासह प्रथमच एका मंत्रिमंडळात एकत्र आले. तहावरील ६४ विरुद्ध ५७ या मतदानाला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे उलटली होती.

सारांश, पाच वर्षे रिकाम्या राहिलेल्या बाकांचा प्रश्न डॉल एरनला ना बंदुकीने सोडविता आला, ना कायद्याच्या एका कलमाने. दार अरुंद असूनही आत येणारे आणि वेळ आल्यावर उठून समोरच्या बाकांवर जाऊन बसणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक तिला लाभले. छोट्या राष्ट्राच्या या सभागृहाचा इतिहास म्हणूनच कोणत्याही मोठ्या लोकशाहीसाठी विचारप्रवर्तक ठरतो.